धारा मोडून केलेला चर

भाऊजी, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. हयातीत तुम्ही बोलू दिलं नाहीत, मग बोलायचं तरी कधी? तेव्हा ऐका. आता मध्येच तोंड घालता येणार नाही तुम्हाला.

तुम्ही माझे धाकटे दीर. पोटासाठी माती उकरायचं मशीन चालवायचात आणि जीव सगळा मधमाश्यांत. मागच्या खोलीत मेणाचा वास, खिडकीत धूर करायचा डबा, कॉटखाली पेट्यांच्या जुन्या चौकटी. पाहुण्याला पाणी द्यायला धड पेला सापडायचा नाही. माशी कुठल्या झुडपावरून आली ते तिच्या पायांवरच्या परागाच्या रंगावरून सांगायचात, निम्म्या वेळा चुकायचात, आणि कबूल एकदाही करायचा नाहीत.

तिची आई गेल्यावर तुमची लेक त्या पेट्यांमध्येच वाढली. "बाबा, मशीन तुमचं, माश्या माझ्या," अशी वाटणी तिनं शाळेत असतानाच करून टाकली होती. पुढे शहरातली चांगली नोकरी सोडून ती घरी राहिली ती माश्यांसाठीच. हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर संताप येतो.

माश्यांचं पोट घरामागच्या कोरड्या ओढ्यावर. आपल्या या रखरखाटात पाणी म्हणजे वर्षाकाठी एखाददुसरा लोंढा. पण ओढा एकच असला तरी जागोजागी त्याची तऱ्हा वेगळी. वर डोंगरात तो खडकावरून धावतो. तिथे माती ठरत नाही, भेगेत तग धरून बसलेली चार खुरटी रोपं तेवढी दिसतात. मधल्या टप्प्यात त्यानं जुन्या गाळात खोल घळ कापली आहे. काठाच्या जाड गाळात ओल टिकते, म्हणून तिथे उंच, डेरेदार झाडं. आणि आपल्या घरामागे उतार संपला की तो पसरतो. गोट्यावाळूतून वाट फुटेल तिकडे धारा, मधे बेटं. यंदा ही धार वाहिली तर पुढच्या खेपेला ती. एक बेट लोंढा घेऊन जातो, दुसऱ्यावर नवी झुडपं धरतात. त्यामुळे झुडपं एका वयाची नाहीत आणि एकदम फुलतही नाहीत. एकीकडचा बहर सरला की दुसरीकडचा सुरू. माश्यांची खाणावळ कधी बंद नसायची.

तुम्हाला मात्र त्या झुडपांची लाज वाटायची. एकदा घळीतल्या झाडांच्या सावलीत डबा खाऊन आलात आणि संध्याकाळी पायरीवर बसून जाहीर केलंत, "ओढा खोल, तिथे झाड मोठं. आपला पसरट, म्हणून ही काटकुळी झुडपं. खोल करून टाकू."

"भाऊजी, ती झाडं काठच्या गाळावर जगतात. इथे खाली नुसते गोटे. पाणी थांबणार कुठे?"

"वहिनी, तुम्ही कॉलेजात फुलं शिकवा. उकरायचं काम कुणाचं?"

"माश्यांना विचारलंत का बाबा?" लेकीनं मध्येच टाकलं.

"त्यांना टपरी सोडून मोठ्या हॉटेलात नेतोय मी!"

"आणि हॉटेल उघडेपर्यंत उपास?"

तुम्ही हसलात आणि दुसऱ्या दिवशी मशीन काढलंत. काम सुरेख केलंत, ते मी नाकारत नाही. दोरी लावल्यासारखा सरळ चर, आणि निघालेली माती-गोटे दोन्ही बाजूंना रचून सगळ्या धारांची तोंडं बंद. लोंढा आला, चरातून गर्जत गेला, क्षणात दिसेनासा झाला. शेजारच्या मेकॅनिकनं टाळ्या वाजवल्या. बेटांवर थेंबही चढला नाही.

चरात रोपं उगवली, नाही असं नाही. तुम्ही आम्हाला हाताला धरून दाखवायला नेलंत. पुढच्या लोंढ्यानं ती फणीनं विंचरावीत तशी काढून नेली. बेटांवरची झुडपं दोन हंगाम कशीबशी टिकली, मग फुलायची थांबली, मग वाळली. "काय, आलं का जंगल?" मेकॅनिक कुंपणावरून विचारायचा. "सावलीत खाट टाकायला येऊ ना?"

लेक पेट्यांत साखरपाणी ठेवत राहिली. तुम्ही म्हणालात माश्या आळशी झाल्या. मग राणीमाशीला दोष दिलात, मग आभाळाला. शेवटी तिलाच म्हणालात, "तुझं लक्ष नाही."

ती मोरीत हात धूत होती. वळून बघितलंही नाही तिनं. "चराचं तोंड बुजवा बाबा. पाणी पसरू द्या. झुडपं धरली की येईन मी. तोवर बोलावू नका." आठवड्यात ती शहरात गेली. राहिलेल्या पेट्या रिकाम्या व्हायला फार वेळ लागला नाही.

तुम्ही फोनवर तिच्याशी ऊनपावसाचं बोलायचात. चराचं नाव नाही. छातीचं दुखणं काढून घरी आलात तेव्हा मला म्हणालात, "वहिनी, पोरीला सांगा ना यायला."

"तिनं काय सांगितलंय ते विसरलात?"

उशीचा कोपरा चुरगाळलात. चुकलं म्हणाला नाहीत. म्हणालात, "धारा नेमक्या कुठून फुटायच्या, दाखवाल?"

"दाखवीन. तुम्ही मशीन आणा."

आणि मग काय? बरं वाटू लागल्यावर दुसऱ्याच्या घराचा पाया खणायला गेलात. ओढ्याचं काढलं की म्हणायचात, "तो मेकॅनिक गावाला जाऊ दे. स्वतःचंच काम बुजवताना बघून दात काढील." लेक तिकडे एकटी, तुम्ही इकडे एकटे, आणि मधे त्या मेकॅनिकचे दात! तो काही गावाला जाईना. तुम्हीच गेलात.

लेक तुम्हाला पोचवायला आली. चराच्या काठावर उभी राहिली, पायानं एक गोटा आत ढकलला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. मशीन तिनं विकून टाकलं. चराच्या तोंडापाशी तुम्ही कधीतरी मोठे दगड आणून टाकले होतेत, मला न सांगता. ते आहेत तिथेच. तुम्ही मशीन आणायचं, मी जागा दाखवायची, एवढंच ठरलं होतं आपलं. ते राहिलं.