कोळसा लागला तेव्हा

जयसिंगपूर स्टेशनवर माझ्याशेजारी बसलेला पन्नाशीचा माणूस कोरडे तळहात सारखे पँटला पुसत होता. विदर्भात कोळसा शोधायला जमिनीत भोकं पाडणाऱ्या मशीनवर तो कामाला होता. सुट्टी संपवून परत निघाला होता. तेवढ्यात फोन आला. गावकऱ्यांनी मशीनला घेराव घातला होता. मशीनवरचा सोबती फोनवर ओरडत होता, "येऊ नकोस!"

"मग जाऊ नका," मी म्हणालो.

"पयल्यांदा कोळसा वर आला तवा आमी नाचलो, पावणं. तितल्या एका बाईनं इचारलं, आता आमी कुठं जायाचं? मी मान खाली घातली."

"आता काय सांगणार?"

"उत्तर न्हाय की. पर तिच्याम्होरं हुबं तर ऱ्हायाला पायजे."

गाडी आली. थांबा म्हणायला मी तोंड उघडलं, आणि त्याची पिशवी उचलून दिली.