कोपरा फाडलेलं कार्ड

दादाजी पारशिवनीकडच्या एका गावचे कोतवाल. दवंडी द्यायला उभे राहिले की शेतातल्या बाया हातचं काम थांबवून ऐकायच्या, असा आवाज. तोंडात सदा तंबाखू, वर बिडी. एकाहत्तर साली नागपुरात आमच्या दवाखान्यात त्यांचा घसा काढला. मानेला भोक राहिलं, तिथूनच श्वास. आवाज कायमचा गेला.

मी तिथे कारकून होते. गळ्याच्या कॅन्सरचं एक रजिस्टर पूर्वी वर्षभर पुरायचं, आता दिवाळीच्या आतच भरायचं. रोग वाढला, की लोक दाखवायला येऊ लागले, हे मोठ्या डॉक्टरांनाही ठाम सांगता येत नसे. ते म्हणायचे, "बाई, किती आले ते आपल्याला माहीत आहे. पाच वर्षांनी किती उरले, ते कोण सांगणार?"

ते शोधायचं काम माझं. मी उत्तराचं कोरं कार्ड जोडलेली जवाबी कार्डं पाठवायचे: रुग्ण कसा आहे, कळवा. दहातली दोन-तीन परत यायची. दवाखान्याचं कार्ड म्हटलं की लोक न वाचताच बाजूला ठेवत.

मग मला एक शक्कल सुचली. आमच्याकडे मयताच्या कार्डाचा कोपरा फाडतात. असं कार्ड कोणी बाजूला ठेवत नाही, लगेच वाचून घेतात. दोन कार्डांना उत्तर आलं नाही, की तिसऱ्याचा कोपरा मी फाडू लागले. वाचल्यावर जीव भांड्यात पडेल आणि त्या भरात माणूस उत्तर लिहील, असा माझा हिशेब. तो खरा ठरला. कार्डं येऊ लागली. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं.

शहात्तर साली दादाजींना पाच वर्षं झाली. दोन कार्डं पाठवली, उत्तर नाही. तिसरं मी त्यांच्या मुलीच्या, गोपिकेच्या सासरी पाठवलं. कोपरा फाडून.

आठ दिवसांनी बापलेक माझ्या टेबलासमोर उभे.

"हे कार्ड तुमीच धाडलं का वं बाई?" गोपिका म्हणाली. "आमच्या घरी वाचाले कोनी नाही. पोस्टमननं दिलं अन् मान खाली घालून गेला. कोपरा पाहूनच मी समजली. डोक्यावरून पानी घेतलं अन् निघाली. शिवेपासून रडत आली. अन् हा बाबा ओट्यावर बसून भाकर खाऊन राहिला!"

"मग?"

"मग काय? मले पाहून तोबी रडाले लागला. त्याले वाटलं, माह्याच घरचं कोनी गेलं. त्याले विचारता येत नाही, अन् माह्या तोंडून शब्द निंगत नाही. घंटाभर आमी एकमेकाच्या गळ्यात पडून रडलो. मास्तरनं कार्ड वाचलं, तवा समजलं का कोनीच मेलं नाही."

ती हसली. दादाजीही हसले, मानेच्या भोकातून नुसती हवा फुसफुसली.

"पन हा कोपरा काहून फाटला, बाई?"

"पोस्टात फाटला असेल," मी म्हटलं.

इतकं सहज म्हटलं, की माझं मलाच नवल वाटलं.

त्या दिवशी पाठवायचं टपाल टेबलावरच पडलं होतं. आठ-दहा कार्डं, सगळ्यांचा एकच कोपरा गेलेला. दादाजींनी वरचं कार्ड उचललं. मग खालचं. मग माझ्याकडे पाहिलं. गोपिका पदराने तोंड पुसत होती. त्यांनी ती सगळी कार्डं गोळा केली आणि हळूच रजिस्टराखाली सरकवली, मुलीला दिसू नयेत म्हणून.

त्यांनी ती माझ्या अंगावर फेकली असती तर बरं झालं असतं.

मी रजिस्टर उघडलं आणि त्यांच्या नावापुढे 'जिवंत' लिहिलं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, पण वर बघवेना. आणखी किती जणी अशा शिवेपासून रडत आल्या असतील?

दुसऱ्या दिवशी मी ती सगळी कार्डं नव्याने लिहिली, कोपरा न फाडता. उत्तरं पुन्हा रोडावली. डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा म्हटलं, "लोकच कंटाळले." तेही खोटंच.

दादाजी पुढे सात वर्षं जगले. दरवर्षी न बोलावता यायचे, सोबत गोपिका. मी दरवर्षी 'जिवंत' लिहायचे आणि ठरवायचे, आज हिला सांगायचं. ती पिशवीतून घरच्या मुगवड्या काढायची. "तुमी आठवन ठेवता, बाई, म्हनून बाबा जगला."

दादाजी खिडकीबाहेर बघत राहायचे. मी मुगवड्या घेत राहिले.