तार सुनेच्या हातात होती

भुताखेतावर माझा विश्वास नव्हता, आजही न्हाई. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण खोटं लिहीत न्हाई. कुणाला हसायचं तर हसा...

लातूर-औसा रोडवर आमचा वजनकाटा हाय. ट्रॅक्टर प्लॅटफॉर्मवर चढला की बाजूच्या पेटीवर आकडा येतो, तिथून तार कॉम्प्युटरला, मग पावती. नव्या कॉम्प्युटरला जुनी तार बसत न्हाई, म्हणून मधी यूएसबी कन्व्हर्टर. हे सगळं सून रेखाचं. ती लातुरात क्लासेसला फिजिक्स शिकवते. जायच्या आधी सकाळी काट्यावर येते. कॉम्प्युटर चालवणारं लिनक्सही तिनंच टाकलं.

त्या सकाळी सोयाबीनच्या ट्रॅक्टरची लाईन लागलेली — आणि पेटीवर आकडा, स्क्रीन मात्र कोरी! पावती निघंना.

"मामा, तार ओढू नका," रेखा म्हणाली. "काल अपडेट केलं, नवं कर्नल आलं, म्हणजे लिनक्सचा गाभा. त्यात ह्या कन्व्हर्टरला चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, बिघडून आलाय. कन्व्हर्टर दिसतोय, आकडा येत न्हाई."

लाईनीत पहिला बाबूराव. खिडकीशी येऊन म्हणतो, "काय तात्या, काटा झोपला का? तसं सांगा, पुढच्या काट्यावर जातो."

माझं डोकं फिरलं. चारचौघांत ओरडलो, "माझा काटा आजवर खोटा बोलला न्हाई! थांबायचं तर थांब, न्हाईतर रस्ता मोकळा हाय!"

मागचे दोघं खरंच ट्रॅक्टर वळवून निघाले.

आमची एक रीत हाय — दिवसाचं पहिलं वजन घरच्यांचं. जुना दांडीचा काटा होता तवा मी आन् माझी बायको सरू जोडीनं उभं राहायचो. दोघांचं मिळून एकशेदहा किलो. "त्यात साठ तुमचेच," ती टोचायची. भूकंपाच्या येळी ती माहेरी होती... ढिगाऱ्याखालीच राहिली. हा काटा, हा कॉम्प्युटर, सगळं त्याच्यानंतरचं. आता मी एकटाच उभा राहतो.

त्या गडबडीत रीत राहून गेलेली. रागारागात प्लॅटफॉर्मवर जाऊन उभा राहिलो. "बघ बाबूराव, पेटी बघ!" पेटीवर साठ. तवाही साठ, आताही साठ. अंगाला मांस धरलंच न्हाई.

तेवढ्यात आतून रेखा — "मामा, तुमच्यासंगं कोण उभं हाय?"

"कोण असणार? का गं?"

"स्क्रीनवर एकशेदहा आलंय..."

बाबूराव खिडकीत वाकून आकडा बघायला लागला. रेखानं हात वर केला. कन्व्हर्टर तारेसकट तिच्या हातात! दुसरीकडं लावून बघायला तिनं तो उपसला होता.

मी खाली उतरलो, खिडकीतून बघितलं. स्क्रीनवर पन्नास. थोडा वेळ तसंच. मग कोरं.

रेखानं कॉम्प्युटर जुन्या कर्नलवर चालू केला, कन्व्हर्टर लावला. आकडे यायला लागले. पावती घेताना बाबूराव हळूच म्हणाला, "तात्या, बिघाड होता म्हणा अन् सोडून द्या."

रेखाचंही तेच. "जुना आकडा मेमरीत अडकला असंल, मामा."

"पोरी, ह्या कॉम्प्युटरवर एकशेदहा कवा झालंच न्हाई."

तिनं नेटवर लई शोधलं. त्या कर्नलनं बऱ्याच जणांचे आकडे बंद पडले होते. तार काढल्यावर आकडा आला, असं कुणीच लिहिलेलं न्हाई.

बिघाड म्हणावं, तर मी चारचौघांत बोललो ते खोटं. आन् काटा खरा, तर ते पन्नास...? दुरुस्त कर्नल आलंय, टाकू का म्हणून रेखा विचारतीय. मी अजून हो म्हणलो न्हाई.

सकाळी उभा राहताना मात्र जरा कडेला सरकून उभा राहतो.