मामांचं लहान नांबू

माझ्या बायकोचे ग्लासगोचे मामा हे अख्ख्या ब्रिटनमधले एकमेव गृहस्थ असावेत, ज्यांच्या दिवाणखान्यात कपाटभर पिस्तुलं होती आणि ज्यांच्या हातून घरातला कोळी मरत नसे. कोळी दिसला की ते त्याला ग्लासात धरत, वर पोस्टकार्ड ठेवत, सगळे जिने उतरून बागेत सोडून येत आणि वर मामींनाच ऐकवत, "थंडी आहे हो बाहेर फार!"

मामा लहान मुलांचे डॉक्टर. मिरजेत शिकले, ग्लासगोच्या हॉस्पिटलातून रिटायर झाले. त्यांच्या वयाचे बाकीचे मराठी डॉक्टर गोल्फ खेळत. मामा जुनी जपानी लष्करी पिस्तुलं जमवत. जपानीच का, तर "जर्मन सगळेच जमवतात. या बिचाऱ्यांकडे कोण बघतं?" सगळी कायद्याप्रमाणे निकामी केलेली. त्यांची सर्टिफिकेटं बँकेच्या लॉकरमध्ये आणि मामींचे दागिने मात्र घरात, तांदळाच्या डब्यात. दर रविवारी मामींच्या जुन्या सुती साडीच्या फडक्यानं पिस्तुलांना अंघोळ असे. लग्नानंतर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चहाच्या आधी माझ्या हातात पिस्तूल आलं. "कसं वाटतंय, जावईबापू?" मी म्हटलं, "जड आहे." त्यावर मामांनी माझ्या बायकोला बजावलं, "याला नीट खायला घालत जा गं." मामी म्हणाल्या, "माझ्या सवती पोलादाच्या. निदान जेवायला तरी मागत नाहीत."

एकदा ते आमच्याकडे रीडिंगला आले असताना मी त्यांना बर्मिंगहॅमच्या शस्त्रप्रदर्शनाला घेऊन गेलो. मुलांचे कान तपासायचा टॉर्च काढून मामा एकेका नळीत डोकावत होते. गंज दिसला की "पुरळ उठलंय" म्हणत पुढे सरकत. ते शोधत होते 'लहान नांबू'. जपानी अधिकाऱ्यांसाठी केलेलं, तळहातात मावणारं, अतिशय दुर्मिळ पिस्तूल. तिथे एक होतं, पण आम्ही पोचेपर्यंत दुसऱ्यानं उचललेलं. परतीच्या वाटेवर मामांनी डबा उघडलाच नाही. मामींनी दिलेली थालीपीठं तशीच राहिली.

त्यांच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारे स्कॉटिश गृहस्थ राहत. युद्धात ते ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले होते, यापलीकडे त्याबद्दल ते काही बोलत नसत. ते चहाला आले की मामा आधी कपाटावर पडदा ओढून घेत. एका हिवाळ्यात ते गेले. पुढे शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत आम्ही ग्लासगोला असताना त्यांची बायको, जीन, बिस्किटांचा डबा घेऊन वर आली. नवऱ्याचं कपाट आवरताना तिला तो सापडला होता. मामांनी झाकण उघडलं. रुमालात गुंडाळलेलं लहान नांबू! आणि निकामी केलेलं नव्हे, चालू; म्हणजे घरात ठेवणं बेकायदा.

"ठेवून घ्या, डॉक्टर," जीन म्हणाली. "मला घरात नको. तो म्हणायचा, डॉक्टर माझ्यासाठी पडदा ओढतो. भला माणूस आहे."

मामी हळूच मराठीत म्हणाल्या, "अहो, कुणाला कळणार आहे?"

"उद्या जीनला कुणी विचारलं तर? या वयात तिला खोटं बोलायला लावू?"

मामांनी स्वतःच पोलिसांना फोन केला. दोन तरुण पोलीस आले. मामींनी त्यांच्यापुढे चिवडा ठेवला. जीन घाबरून उभी होती, तिला त्यांनी काळजी करू नका म्हणून सांगितलं. एकानं पिस्तूल पिशवीत सील केलं. "याचं पुढे काय होईल?" मामांनी विचारलं.

"बहुतेक वितळवतील, डॉक्टर."

मामांनी मान हलवली. पोलीस जिन्यापर्यंत गेल्यावर मामा पाठीमागून हाक मारून म्हणाले, "मुठीचं लाकूड सांभाळा हं. नाजूक असतं."

मग ते जीनला खाली सोडायला गेले आणि बऱ्याच वेळानं वर आले. मी म्हटलं, "मामा, इतकी वर्षं शोधत होतात. हातातून गेलं."

"गेलं ते गेलं हो," मामा म्हणाले. "ते कुठल्या कारखान्यात घडलं, त्यावरचा शिक्का कसला, सगळं सांगतो मी तुम्हाला. आत्ता जीन मला विचारत होती, हे त्याला कुणी दिलं असेल, की त्यानं कुणाकडून काढून घेतलं? मला काय ठाऊक! वीस वर्षं खाली राहत होता. माझ्या हातचा चहा प्यायचा. एकदा समोर बसवून युद्धाचं विचारायला हवं होतं मी त्याला."

आणि चहाला कुणी यायचं नसतानाही मामांनी उठून कपाटावर पडदा ओढून घेतला.