वरच्या तीन ओळी

देवासच्या आमच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सवात एक अंक निघतो. वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यापासून तो मी पाहतो. लेख मराठीत असतात, पण कार्यकारिणीतली निम्मी मुले हिंदी शाळांत शिकलेली. मराठी बोलतात, वाचताना अडखळतात. म्हणून प्रत्येक लेखाचा हिंदी गोषवारा मी मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकतो. तो वाचून लेख मंजूर होतो.

यंदा पुतणीने लेख दिला. ती ब्रिटनमध्ये शिक्षिका आहे. तिच्या सहकाऱ्याने वर्गात एक चर्चा घेतली: धर्माची थट्टा करण्याचा हक्क असावा का? दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी माणसे जमली. त्याच्या घरचा पत्ता मोबाइलवर फिरला. त्याने घर सोडले. शाळेने त्याला 'सध्या येऊ नका' असे कळवले.

लेखाचा उरलेला भाग त्याच वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांबद्दल होता. ते मुसलमान, मूळचे पाकिस्तानातले, बस चालवतात. (व्यवसाय आणि इतर खुणा इथे बदलल्या आहेत.) त्यांनी शाळेला सहीनिशी लिहिले की, मुलीने चर्चा घरी सांगितली, तीत अपमान नव्हता, शिक्षकांना परत बोलवा. असे पत्र दुसऱ्या कोणी दिले नाही. त्यांच्याबद्दल लिहायला त्यांनीच परवानगी दिली होती. मराठी तिकडे कोण वाचणार, असे ते म्हणाले होते.

गोषवारा मी बातमीसारखा लिहिला. सवयच तशी: मोठी गोष्ट वर, बाकी उतरत्या क्रमाने, म्हणजे जागा कमी पडली तर खालून कापता येते. जमाव, पत्ता, सोडलेले घर वरच्या तीन ओळींत आले. वडील शेवटी.

कोणीतरी खालून कापले. तीन ओळी, पुतणीचे नाव आणि स्वतःची भर, 'अब तो आँखें खोलो', असे वाचून रेकॉर्ड केले आणि पुढे पाठवले. दुसऱ्याच दिवशी तो आवाज त्या वडिलांपर्यंत पोचला. हिंदी त्यांना कळते.

पुतणीचा फोन आला. "काका, ते मला विचारत होते, माझं पत्र तुम्हाला दिसलंच नाही का?"

"पूर्ण मजकूर मी हिंदीत, माझ्या आवाजात ग्रुपवर टाकतो."

"आधी मला पाठवा. त्यांना ऐकवते."

मी ग्रुपवरचा गोषवारा काढून टाकला, पूर्ण मजकूर नंतर टाकतो असे तिथे कळवले आणि रेकॉर्डिंग केले. संध्याकाळी मंडळाचा अध्यक्ष घरी आला. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण इकडच्या रीतीने मला 'भिया', म्हणजे भैया, म्हणतो.

"भिया, बाकीचं पण टाकणार म्हणे तुम्ही?"

"हो."

"कशाला? उद्या लोक विचारतील, मंडळ कुणाच्या बाजूचं? मंडपात येऊन कुणी बोललं तर? तुम्ही लिहून मोकळे, खुर्च्या आम्ही उचलतो."

"कुणी धमकी दिली का?"

"धमकी कोण देतंय हो! प्रेमानंच सांगतायत." तो हसला. "लेख छापू ना. फक्त वरचा भाग. तो सगळ्यांना आवडलाय."

"छापला तर पूर्ण."

"रिटायर झालात, पण संपादकी काही उतरत नाही तुमची."

दोन दिवसांनी पुतणीने फोन केला. त्या मुलीच्या वडिलांनी रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकले होते. सगळे बरोबर आहे म्हणाले. मग म्हणाले, हे कुठे टाकू नका.

"का?"

"तो पहिला आवाज त्यांच्या वस्तीत सगळ्यांनी ऐकलाय. त्या शिक्षकाच्या बाजूनं शाळेला एक पत्र गेलंय एवढं बाहेर कळलंय, ते कुणी लिहिलं याची विचारपूस चाललीय. पत्र मागे घेणार नाही म्हणतात. पण ते शाळेच्या कपाटात राहू द्या म्हणतात. मुलगी चालत शाळेत जाते, काका."

"त्यांच्या खुणा बदलतो."

"वर माझं नाव आहे. माझी शाळा सगळ्यांना माहीत आहे."

"मग तुझं नाव काढतो."

"आता? ते तर फिरतंयच."

वडिलांचा भाग वगळला तर लेख खोटा होत होता. ठेवला तर त्यांच्यावर येत होते. लेख येणार नाही, असे मी ग्रुपवर कळवले. कारण दिले नाही. मिनिटभरात अध्यक्षाने अंगठा पाठवला आणि खाली लिहिले, 'धन्यवाद भिया, समझ गए आप.' मी खुलासा केला नाही. केला असता तर त्या वडिलांना कोणाची भीती आहे, तेही सांगावे लागले असते, आणि तेवढीच ओळ पुढे गेली असती.