डब्याची चार भोकं

मनुबाई मला बाजारात, शाळेच्या फाटकाशी, एस.टी.च्या थांब्यावर, जिथे गाठेल तिथे एकच प्रश्न विचारायची. चिमटीत काहीतरी धरल्यासारखा उजवा हात पुढे करायची, मनगट वळवून दाखवायची आणि म्हणायची, "उजवीकडंच ना, मास्तर?" मी म्हणायचो, "हो, उजवीकडेच." मग ती पाटी डोक्यावर चढवून चालू लागायची. सहा वर्षं हे असं चाललं. माझं उत्तर खोटं नव्हतं. पण तिला जे सांगायला हवं होतं ते वेगळंच होतं, आणि ते माझ्याशिवाय सांगणारं श्रीवर्धनात दुसरं कोणी नव्हतं. ते सांगायला माझी जीभ रेटत नव्हती.

मी तेव्हा श्रीवर्धनच्या शाळेत सातवीला शास्त्र शिकवायचो. स्वभावाने तिरसट आहे, पोरं मला मागून काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. हे लिहितो आहे ते मनुबाईविषयी. माझ्याविषयी जे येईल ते टाळता येत नाही म्हणून येईल.

मनुबाई जीवना बंदरावरच्या कोळीवाड्यातली. नवरा तुकाराम होडीवाला होता आणि हिवतापाने गेला. तो असताना पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर ओढली की फळ्यांमधल्या फटी बुजवायचं काम मनुबाईचं. कापसाचा पिळा करायचा, राळ आणि तेल लावायचं, आणि बोथट छिन्नीने तो असा ठोकून बसवायचा की थेंब आत येता कामा नये. कोळीवाड्यात हे काम पुरुषांचं, पण तुकाराम म्हणायचा की हिच्या हातची फट पुन्हा उघडत नाही. तो गेल्यावर होडी दिराकडे गेली. मनुबाई लहानग्या लेकीला, नलूला, कडेवर घेऊन शेटच्या वाडीत राखणीला आली.

हा शेट मुंबईचा. समुद्रालगत त्याची सुपारीची वाडी होती आणि वाडीच्या टोकाला, माडांखाली, त्याचा डबा उभा होता. डबा म्हणजे मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर. सत्तेचाळीस साली कोणी गोरा साहेब विलायतेला परत जाताना शेटने तो त्याच्याकडून घेतला आणि म्हसळ्याच्या घाटातून मोटारीला बांधून श्रीवर्धनला आणला. तो आणला त्या दिवशी मी मुलांना वर्गाबाहेर सोडलं होतं, एवढा तो नवलाचा होता. आत दोन बाक, त्यांचेच पलंग व्हायचे, एक कपाट, एक ओटा. शेट दिवाळीला आणि नाताळात कुटुंबासह येऊन राहायचा. एरवी तो बंदच असायचा. फक्त तिन्हीसांजेला मनुबाई दार उघडून आत जमिनीवर एक पणती लावायची. राहतं असो की बंद, घर म्हटलं की तिन्हीसांजेला त्यात दिवा हवाच, असं ती म्हणायची.

वाडीच्या कुंपणापलीकडे कोळ्यांच्या वलांड्या होत्या, म्हणजे बोंबील वाळत घालायच्या काठ्यांच्या रांगा. ज्यांचं घर त्यावर चालतं त्यांना त्या वासाचं काही वाटत नाही. शेटाणीला मात्र वाटायचं. ती नाकाला पदर लावून बसायची. साठ सालच्या नाताळात तिने मनुबाईला सरळ सांगितलं की वास डब्यात घुसतो, तो तुझ्याच अंगाचा आणि तुझ्याच लोकांचा आहे, पुढच्या नाताळातही असाच आला तर वाडीवर दुसरं माणूस बघू. वाडी गेली असती तर मनुबाईची खोपटी गेली असती, आणि नलूचं लग्न तर अजून व्हायचं होतं. माणसाला त्याच्या वासावरून हाकलायची धमकी देणाऱ्या त्या बाईचा मला आजही संताप येतो. मनुबाईला संताप आला नाही. तिला लाज वाटली. ती चिंच लावून हात घासायला लागली.

त्याच खेपेला शेटने मुंबईहून गॅसची टाकी आणि शेगडी आणली होती. बसवायला आलेला मिस्त्री गुजराती वळणाची हिंदी बोलायचा, ती मनुबाईला कळेना. म्हणून शेटने शाळेत माणूस पाठवून मला बोलावून घेतलं, हुकूम दिल्यासारखं. मी गेलो ते कपाळाला आठ्या घालूनच. मिस्त्री शहाणा होता. त्याने तीन गोष्टी सांगितल्या. काम झालं की टाकीची चावी उजवीकडे फिरवून बंद करायची. रबरी नळी दर वर्षी बदलायची, खाऱ्या हवेत ती कुजते. आणि तिसरी, जी त्याने दोनदा सांगितली. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. डब्याच्या तळाशी भिंतीला चार भोकं ठेवली आहेत ती त्यानेच, गॅस त्यातून बाहेर जावा म्हणून. ती कधी बुजवायची नाहीत.

मी मनुबाईला एवढंच सांगितलं, "काम झालं की चावी उजवीकडे फिरव. बाकी शेट बघेल."

कोणता वायू जड, कोणता हलका, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहून देत होतो. तेच या बाईला सांगायचा मला कंटाळा आला. तिला काय कळणार, असंही मनात आलं. तेव्हा ते शब्द मनात नीट उमटलेही नव्हते, आता मात्र स्पष्ट ऐकू येतात. चहा न घेता मी घरी आलो.

एकसष्ट सालच्या नाताळाआधी शेटचं पत्र आलं. येत्या शनिवारी येतो, डबा तयार ठेव. गुरुवारी दुपारी ते वाचून दाखवायला मी वाडीत गेलो होतो. मनुबाई आणि नलू डबा धूत होत्या. नलू अठराची, आईसारखीच काटक, पदर खोचून बाहेरच्या बाजूला बसली होती. हातात हातोडी आणि छिन्नी. तळाशी भिंतीत ती काहीतरी ठोकत होती आणि मनुबाई तिला पिळे करून देत होती. राळेचा वास येत होता. मनुबाई मोठ्या समाधानाने म्हणाली की वास आत घुसायच्या वाटाच बंद करून टाकल्या, आता शेटाणी काय बोलते बघू. मी ते पाहिलं. चारातली तीन भोकं बुजलेली पाहिली. मिस्त्रीचं बोलणं मला आठवलं का? आठवलं असतं तर मी बोललो असतो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे काहीतरी खटकलं होतं, आणि मला वह्या तपासायच्या होत्या.

शुक्रवारी तिन्हीसांजेला मनुबाई वलांड्यांवर होती. दव पडायच्या आत बोंबील काढायचे होते, म्हणून दिवा लावायला तिने नलूला पाठवलं. चावी बंदच होती, मी सांगितल्याप्रमाणे मनुबाईने उजवीकडे फिरवलेली. पण ती झिजली होती, नळी कुजली होती, आणि गॅस दिवाळीपासून थोडाथोडा झिरपत होता. इतके दिवस तो भोकांतून निघून जात होता. कालपासून त्याला वाट नव्हती. नलूने दार उघडलं, खाली वाकली आणि काडी ओढली.

आवाज मी घरात ऐकला. लोकांनी तिला बाहेर काढलं तेव्हा ती शुद्धीवर होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जमेल ते केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नलू गेली.

शेट शनिवारी आलाच नाही, पुढेही कधी आला नाही. वाडी विकली गेली. डब्याचा सांगाडा कोणी पत्र्यासाठी नेला. मनुबाई कोळीवाड्यात भावाच्या पडवीत राहायला गेली आणि दुसऱ्यांच्या वलांड्यांवर कामाला लागली. गावाने ठरवलं की गॅस ही वस्तूच वाईट. काही जण म्हणाले, चावी उलटी फिरवली असेल, अडाणी बाई. ते मनुबाईच्या कानावर गेलं, आणि तेव्हापासून ती मला विचारू लागली. "उजवीकडंच ना, मास्तर?"

मी हो म्हणायचो. चावी चुकली नव्हती एवढं तरी तिला समजावं, असं माझं मला वाटायचं. आणि भोकांचं सांगितलं तर त्या बाईला कळेल की आपल्याच हातांनी आपण मुलीचा जीव कोंडला, म्हणून गप्प राहणंच बरं, असंही वाटायचं. ही दया होती असं मी म्हणत नाही. भोकांचं निघालं असतं तर मिस्त्रीचं निघालं असतं, आणि मिस्त्रीचं निघालं असतं तर माझं.

सदुसष्ट साली माझी म्हसळ्याला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी बंदरावर गेलो. न सांगता गेलो असतो तर पुढे कधीच सांगितलं नसतं, हे मला माहीत होतं. मनुबाई बोंबील टांगत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी काठीवर टाकायची. हात म्हातारे झाले होते, पण थांबत नव्हते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मिस्त्री काय म्हणाला, मी त्यातलं काय गाळलं, गुरुवारी काय पाहिलं. माझं चुकलं, असंही म्हणालो. तिच्या पायावर डोकं ठेवायचं मनात होतं, ते झालं नाही.

तिचे हात थांबले नाहीत. चार-पाच जोड्या टांगून झाल्यावर ती काठीकडे बघतच बोलली.

"नलूला कळला व्हता वास. बिस्तरवारी. चवथं भोक ठोकताना ती बोलली, आये, ह्यो म्हावऱ्याचा वास न्हाय, दुसराच कायतरी हाय. आमच्या पोरीला म्हावऱ्याचा वास कळत न्हाय व्हय, मास्तर? तिचा जलमच त्यात गेला. मी तिला बोल्ले, गप ऱ्हा. शेटाणीसारखी नाक मुरडू नको. दाबून ठोक."

ती एक जोडी हातात धरून थांबली, पहिल्यांदाच.

"चावी चुकली आसती, तर आडानी व्हते म्हनून चुकली, आसं मनाला बोल्ले आसते. म्हनून इचारायचे तुमाला. एकदा तरी तुमी डावीकडं बोलाल, आसं वाटायचं."