लांब पायांचा खोंड

आमच्या घरात बैल सगळ्यांनाच कळायचे. वडील खोंडाच्या पाठीवर थाप मारून सांगायचे, हा नांगराला दहा वर्षं जाईल. आणि तो जायचा. त्यामुळे नव्वदच्या दशकात कुवेतमध्ये जनावरं आयात करणाऱ्या एका कंपनीत मी टायपिस्ट होतो, तेव्हा खोंड पारखता येतात का असं साहेबांनी विचारल्यावर मी बेधडक हो म्हणालो.

त्यात माझा स्वार्थ होता. टायपिस्टला फॅमिली व्हिसा मिळत नव्हता, फार्मवरच्या सुपरवायझरला मिळत होता. कुवेत शहराजवळच्या रिग्गईतल्या एका खोलीत आम्ही सहा बॅचलर राहायचो. त्यातल्या पाच जणांची लग्नं झालेली होती. माझी बायको चार वर्षं सांगलीकडे माझ्या आईवडिलांजवळ होती आणि मला तिच्याशिवाय करमत नव्हतं.

परीक्षा एवढीच, की ऑस्ट्रेलियाहून बोटीनं आलेल्या खोंडांतून दहा उत्तम निवडायचे. मी वडिलांसारखा बाह्या सरसावून उतरलो. लांब पाय, आवळ पोट, काळे टणक खूर, ताठ वशिंड. एका धष्टपुष्ट खोंडाला कपाळावरचा भोवरा वाईट म्हणून बाद केला. राखी रंगाचा एक मात्र असा देखणा होता की त्याला पहिला नंबर देताना माझा ऊर भरून आला.

फार्मचे डॉक्टर सुदानी होते. त्यांनी माझे दहा पाहिले, मग मला पाहिलं, आणि कुवेतमध्ये कोण नांगरणार आहे अशी शांतपणे चौकशी केली. हे खोंड खाटकाकडे जायचे होते. मला ते माहीत होतं. फक्त निवडताना आठवलं नाही.

साहेब मला टाइपरायटरकडे परत पाठवत होते. डॉक्टरांनी माझ्यासाठी दोन आठवडे मागून घेतले. खोंडाच्या मागे उभं राहायचं, पाठ रुंद हवी, पुठ्ठे भरलेले हवेत, पाय आखूड चालतील, कमरेवर हात ठेवून मांस चाचपायचं, असं त्यांनी शिकवलं. तोंडाकडे बघायचं नाही, हे मला सगळ्यात अवघड गेलं. दुसऱ्या परीक्षेत मी निवडलेले दहाही गावाकडे आमच्या विहिरीपर्यंत चालत गेले नसते. डॉक्टर खूश झाले. राखी खोंडाला मी सगळ्या कळपात शेवटचा नंबर दिला.

मी सुपरवायझर झालो आणि तीन महिन्यांनी बायको आली. पहिल्याच शुक्रवारी तिला मोठ्या ऐटीत फार्म दाखवायला नेलं. ती शेतकऱ्याची मुलगी. माझ्या गुबगुबीत खोंडांवरून नजर फिरवत ती थेट शेवटच्या कुंपणापाशी थांबली. राखी खोंड अंगानं भरत नव्हता, म्हणून अजून तिथेच होता.

"ह्यो बघा की," ती म्हणाली. "ह्यो आपल्या दावणीला असता तर बेंदराला सगळं गाव बघत राहिलं असतं."

मी म्हणालो, त्याचे पाय लांब आहेत. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू परदेशात राहून माझं डोकं फिरलंय.

मग तिनं कुंपणातून हात घालून त्याचं कपाळ खाजवलं आणि विचारलं, "ह्यास्नी काम काय असतंय हितं?"

"काही नाही," मी म्हणालो. "नुसतं खायचं."

"नशीब काढलंय," ती म्हणाली.

त्याची खाटकाकडची गाडी सोमवारी होती. यादी मीच केली होती.